बेताचा उजेड

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये इमारतीच्या पोटात एक डक्ट असतो. सांडपाण्याचे पाइप, एक्झॉस्ट पंखे आणि बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडक्या, याखेरीज तिथं काही नसतं. दिवसा तिकडे कुणी पाहत नाही. रात्री दोननंतर मात्र त्या डक्टमध्ये इमारतीची खरी खबर मिळते. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उजळते आणि विझते. थोड्या वेळानं पहिल्या मजल्यावरची. मग पुन्हा तिसऱ्या. परीक्षेसाठी जागणाऱ्या मुलांचे हे दिवे नव्हेत. ते म्हाताऱ्या माणसांचे आहेत. वय झालं की रात्री लघवीचं प्रमाण कमी ठेवणारी शरीराची व्यवस्था सैल पडते, रक्तदाबाच्या काही गोळ्याच लघवी वाढवणाऱ्या असतात, मधुमेह असतो, पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असतो. रात्रीतून एकदा, दोनदा, तीनदा उठणं हा त्या वयाचा नेमच होऊन बसतो.

त्या उठण्यात जो दिवा सर्वांत आधी डोळ्यांत शिरतो, त्याचा विचार घर घेताना कुणीच केलेला नसतो. दिवाणखान्यात कोणते दिवे लावायचे यावर घरात आठवडाभर चर्चा होते, देवघरातल्या दिव्यावरही होते. बाथरूमला एक होल्डर आणि त्यात जो हाताला येईल तो बल्ब. टाइल्स पांढऱ्या, बेसिन पांढरं, कमोड पांढरा, छतही पांढरं. त्या चार-पाच फुटांच्या पांढऱ्या जागेत लावलेला उजेड कुठंच मुरत नाही, सगळ्या बाजूंनी उलटून येतो.

पूर्वी हे इतकं जाणवत नसे, त्याला कारण आहे. न्हाणीघरात ४० वॉटचा पिवळा बल्ब असायचा, काटकसरीच्या घरात २५ वॉटचा. चाळीसचा बल्ब साधारण ४०० ल्यूमेन उजेड देतो. मग एलईडी आले. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले. विजेची फार मोठी बचत झाली आणि ती चांगलीच गोष्ट झाली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सर्वाधिक खपणारा बल्ब होता नऊ वॉटचा, आणि तो आठशे ल्यूमेनच्या पुढं उजेड देतो. बल्ब बदलताना आपण वॉट पाहिले, वीजबिल पाहिलं, आणि न्हाणीघरातला उजेड दुप्पट झाला हे कुणी मोजलं नाही. शिवाय तो पांढरा. दुकानात ‘कूल डे लाइट’ म्हणून मिळणारा बल्ब म्हणजे ६५०० केल्विनचा. दुपारच्या आभाळाशी नातं सांगणारा. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्या निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा केलेला असतो. निळा एलईडी शक्य करणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते योग्य माणसांना मिळालं. पण त्यांच्या शोधाचं फळ रात्री अडीच वाजता आपल्या आईच्या डोळ्यांवर थेट पडू द्यायचं की नाही, हा प्रश्न आपला आहे.

माझी आई ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे आणि आमच्याकडे असते. तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, डावा अजून पिकायचा आहे. त्यामुळं तिला दोन वेगळे उजेड दिसतात. “एका डोळ्यात ट्यूब लावलीय, दुसऱ्यात चिमणी,” असं ती म्हणते. ते शास्त्रानं अगदी बरोबर आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. ते काढून त्या जागी नवं स्वच्छ भिंग बसवलं की निळा पुन्हा आत येतो, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला जग एकदम पांढरंशुभ्र दिसू लागतं.

म्हाताऱ्या डोळ्यांची अडचण दुहेरी आहे. बाहुली लहान होत जाते, भिंग गढूळ होतं, त्यामुळं साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणून डॉक्टर सांगतात, आजींच्या खोलीत उजेड भरपूर ठेवा. ते खरंच आहे. पण त्याच गढूळ भिंगात प्रकाश विखुरतो, आणि समोर उघडा बल्ब आला की सगळं दृश्य धुऊन निघतं. म्हणजे ज्याला उजेड जास्त लागतो त्यालाच तो जास्त सोसवत नाही. घरातल्या तरुण माणसांना हे समजावून सांगणं कठीण जातं. ती म्हणतात, दिसत नाही म्हणतेस म्हणून मोठा बल्ब लावला, आता तो टोचतो म्हणतेस. दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात, हे मला आईबरोबर रात्री उठायला लागल्यावर समजलं.

तिच्या पडण्याची काळजी आम्हाला बाथरूमच्या ओल्या फरशीमुळं वाटायची. ती काळजी खोटी नाही. मात्र जवळून पाहिल्यावर लक्षात आलं की जाण्यापेक्षा परत येणं तिला अवघड जातं. जाताना तिचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. पलंगाची कड, कपाटाचा कोपरा, पॅसेजमधली खुर्ची, सगळं तिला अंधुक का होईना दिसतं. बाथरूमचा दिवा लागतो, ती डोळे मिटून घेते, भिंतीला हात लावून आत जाते. आणि बाहेर येऊन दिवा बंद केला की तिला काही म्हणजे काही दिसत नाही. चौकटीला धरून ती उभी राहते. ज्या पॅसेजमधून ती आत्ताच नीट चालत आली, तो तिच्यापुरता नाहीसा झालेला असतो.

हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या प्रत्येक डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात आणि ६० लाखांच्या आसपास शंकूपेशी. शंकूपेशी भर उजेडात काम करतात, रंग ओळखतात. अंधुक उजेडात पाहण्याचं काम दंडपेशींचं, आणि ते चालतं ऱ्होडॉप्सिन नावाच्या द्रव्यावर. ते ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनतं, म्हणूनच त्या जीवनसत्त्वाची कमतरता झाली की रातांधळेपणा येतो. प्रखर उजेड पडला की हे द्रव्य फिकं पडून निकामी होतं आणि पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. पूर्ण अंधारात डोळे सरावायला तरुण माणसालाही वीस-तीस मिनिटं लागतात, म्हाताऱ्या माणसाला त्याहून जास्त. आई झोपेत दोन-तीन तासांची कमाई करून उठलेली असते, आणि आपला नऊ वॉटचा बल्ब ती मिनिटभरात खर्चून टाकतो. मग तिला अंधारात चालत परत यावं लागतं.

डोळ्यांचं आणखी एक काम गेल्या काही दशकांतच नीट उलगडलं. दृष्टिपटलात मुख्यतः पाहण्यासाठी नसलेल्या, दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणाऱ्या काही पेशी असतात. २००२ साली अमेरिकेत डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात, आणि निळसर प्रकाश त्यांना विशेष जाणवतो. त्यांनी कळवलं की उजाडलं, तर मेंदू झोपेला मदत करणाऱ्या मेलॅटोनिनचं उत्पादन आवरतं घेतो. आई परत पलंगावर आली तरी तासभर कूस बदलत राहायची. त्याचं सगळं खापर मी दिव्यावर फोडणार नाही. त्या वयाची झोप मुळातच पातळ असते. पण ती पातळ झोप दिव्यानं आणखी फाडण्याची गरज नव्हती.

घरात पहिला सल्ला मिळाला तो झिरोच्या बल्बचा. झिरोचा बल्ब हा मराठी घरातला जुना सोबती. नावात शून्य असलं तरी जुना झिरोचा बल्ब बारा-पंधरा वॉट वीज खायचा. जुन्या मीटरना एवढी थोडी वीज टिपता येत नसे म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. तो रात्रभर जळत ठेवायचा, लाल किंवा हिरवा. लाल रंगाचा एक फायदा खरोखरच आहे, दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळं सरावलेले डोळे बिघडत नाहीत. तरी मला तो उपाय पुरेसा वाटला नाही. बाथरूममध्ये कधी नुसतं जाऊन यायचं असतं, तर कधी फरशीवर पाणी सांडलंय का ते पाहायचं असतं, कधी पोट बिघडलेलं असतं, कधी पायाला काही लागलंय का ते तपासायचं असतं. एकाच माणसाला एकाच रात्रीत वेगवेगळा उजेड लागतो. झिरोचा बल्ब एकच देतो, मोठा बल्ब दुसरा एकच देतो, आणि मधलं काही नाही.

आईला हे मधलं चांगलं ठाऊक होतं. तिचं माहेर पाटण तालुक्यातलं. त्या घरात ओगल्यांचा प्रभाकर कंदील होता, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यात तयार झालेला. संध्याकाळी काच राखेनं घासून पुसायची, रॉकेल भरायचं, वात कापून सारखी करायची, ही कामं मुलींची. कंदिलाच्या बाजूला एक लहान किल्ली असे. ती फिरवली की आतलं दातेरी चाक फिरायचं आणि चपटी वात वर किंवा खाली सरकायची. पाहुणे जेवायला बसले की वात मोठी. जेवणं उरकली की बारीक. सगळे झोपले की अगदी बारीक, इतकी की काचेच्या तळाशी नुसती पिवळी रेघ दिसावी. रात्री कुणाला परसात जायचं झालं तर तोच कंदील उचलायचा, बाहेर पडल्यावर किल्ली फिरवायची, परत आल्यावर पुन्हा बारीक करून जागेवर ठेवायचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर कित्येक रात्री माणसं घरात झोपायला धजली नाहीत. अंगणात अंथरुणं घातलेली आणि मधोमध बारीक केलेला कंदील, ही तिची आठवण आहे. धक्का बसला की कुणीतरी हात लांबवून वात मोठी करायचं, सगळी माणसं आहेत ना हे पाहायचं, आणि पुन्हा बारीक करायचं.

कोयनेच्या वीजगृहातली वीज १९६२ पासून मिळू लागली. आईच्या गावात ती बऱ्याच उशिरा आली. विजेनं काय काय दिलं, हे जिनं काजळीनं डोळे चुरचुरत असताना कंदिलाशी बसून अभ्यास केला तिला सांगावं लागत नाही. कंदिलाचे दिवस चांगले होते असं ती चुकूनही म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. धूर, रॉकेलची रांग, कलंडलेल्या कंदिलानं पेटलेली घरं, हे सगळं त्याच दिवसांतलं आहे. तरी विजेच्या बटणाबरोबर एक गोष्ट हातातून गेली. उजेड किती हवा, हे ठरवणं. बटणाला फक्त हो आणि नाही कळतं.

गंमत अशी की त्याच बोर्डावर, दिव्याच्या बटणाशेजारी, पंख्याचा रेग्युलेटर होता. पंख्याला आपण पहिल्या दिवसापासून पाच वेग दिले. उकडत असेल तर पाचवर, पहाटे गार वाटलं तर दोनवर, बाळ झोपलं असेल तर एकवर. वारा किती हवा हा प्रत्येकाचा वेगळा प्रश्न आहे, हे सगळ्यांना मान्य होतं. जुन्या रेग्युलेटरच्या मोठ्या खोक्यात तारेची वेटोळी असायची, पंख्याला नको असलेली वीज तिथं उष्णता होऊन वाया जायची आणि खोकं गरम लागायचं, तरी तो खर्च आपण सोसला. उजेडासाठी मात्र घरात असं काही बसवावंसं कुणाला वाटलं नाही. कदाचित आपल्याकडं उजेडाची इतकी वर्षं टंचाई होती, की तो कमी करण्याची सोय मागणं ही कल्पनाच कुणाला सुचली नसेल. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की खेड्यातला बल्ब आपसूकच लाल तारेपुरता उरायचा. कमी उजेड म्हणजे हाल, हेच समीकरण त्या पिढीच्या अंगात भिनलं.

नाटकवाल्यांनी मात्र ही कला कधी सोडली नाही. तिसरी घंटा झाली की प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू उतरत जातात आणि त्याबरोबर हजार माणसांची कुजबुज उतरते. ते दिवे एकदम बंद केले तर लोक दचकतील. डोळ्यांना आणि मनाला अंधारात सावकाश न्यावं लागतं, हे मराठी प्रेक्षकाच्या शरीराला माहीत आहे. रंगभूमीवर आधी यासाठी रोधकांची अवजड यंत्रं वापरत, काही ठिकाणी तर मिठाच्या पाण्याच्या भांड्यात धातूच्या पट्ट्या वरखाली करून दिवे मंद करत. त्या यंत्रांत वीज उष्णता होऊन जायची, आणि ती भिंतीतल्या बोर्डात मावणं अशक्य होतं. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या जोएल स्पायरा यांनी १९५९ साली आपल्या फ्लॅटमधल्या एका खोलीत बसून अर्धवाहकावर चालणारा डिमर तयार केला, तो नेहमीच्या बटणाच्या जागेत मावला. १९६१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी रूथ यांनी ल्यूट्रॉन ही कंपनी काढली. नाट्यगृहातली सोय घरात आली ती तेव्हा.

या डिमरची रीत मला फार आवडते. तो वीज अडवून जाळत नाही, तो फक्त वेळ साधतो. आपल्या घरातला विद्युतप्रवाह सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो, म्हणजे सेकंदात शंभर वेळा तो शून्यावरून जातो. प्रत्येक शून्यानंतर डिमरमधला ट्रायॅक नावाचा अर्धवाहक दरवाजा मिटलेला असतो. एक छोटा कपॅसिटर भरू लागतो. आपण बाहेरून फिरवतो तो खटका त्याच्या भरण्याचा वेग ठरवतो. त्यावरचा दाब तीसेक व्होल्टपर्यंत पोहोचला की ट्रायॅक उघडतो आणि त्या अर्ध्या लाटेतली उरलेली वीज दिव्यापर्यंत जाते. पुढच्या शून्याला तो पुन्हा मिटतो. कपॅसिटर सावकाश भरला तर ट्रायॅक उशिरा उघडतो आणि दिवा मंद होतो. सेकंदात शंभर वेळा इतक्या नेमानं वाट पाहणारी ही वस्तू काडेपेटीएवढी असते.

जुन्या तारेच्या बल्बला हे सहज मानवतं, कारण तापलेली तार दोन ठोक्यांच्या मध्ये विझत नाही. शिवाय तार मंद होताना तांबूस होत जाते, विझत्या निखाऱ्याचे रंग घेते. एलईडीचं तसं नसतं. त्याच्या बुडाशी स्वतःचं सर्किट असतं, आणि आलेली वीज कमीजास्त झाली तरी उजेड स्थिर ठेवणं हेच त्याचं काम. खेड्यातला संध्याकाळचा लालसर बल्ब एलईडीनं संपवला तो याच गुणामुळं. साध्या एलईडीला डिमर लावला तर तो बिचकतो, लुकलुकतो, गुणगुणतो, लवकर बादही होतो. खोक्यावर ‘डिमेबल’ असं छापलेलाच बल्ब घ्यावा लागतो. आणि डिमरही एलईडीसाठीचा हवा. जुने डिमर काही शे वॉटच्या हिशेबानं बनवलेले असतात, सहा-सात वॉटच्या बल्बमधून जाणारा प्रवाह त्यांचा ट्रायॅक उघडा ठेवायलाच पुरत नाही. एलईडी मंद झाला तरी रंग बदलत नाही, म्हणून मुळातच २७०० केल्विनचा, वॉर्म व्हाइट, घ्यायचा.

आमचे वायरमनदादा बोर्डासमोर उभे राहून आधी म्हणाले, “ताई, डिमर हॉलमध्ये लावतात. बाथरूममध्ये कशाला?” मी आईचं सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, “माझ्या आजीला पण असंच व्हायचं. मग नीटच करू.” हे नीट करणं पाहण्यासारखं होतं. बाथरूमचा बोर्ड दाराच्या बाहेर आहे, आपल्याकडं बहुतेक जुन्या घरांत असतो तसा. ओला हात बटणाला लागू नये म्हणून ती पद्धत पडली, आणि ती फार शहाणपणाची आहे. त्यांनी मेन बंद केला. त्याआधी टेस्टर एका चालू प्लगमध्ये घालून तो पेटतो ना हे पाहिलं, मग मेन पाडल्यावर तोच टेस्टर बोर्डातल्या प्रत्येक तारेला लावला. टेस्टर पेटला नाही याचा अर्थ वीज नाही असा होतो, पण टेस्टरच बिघडलेला नसेल तर. हा पडताळा विसरणारे पुष्कळ असतात, ते तो विसरले नाहीत.

प्लेट उघडल्यावर दिसलं की दिव्याचं बटण फेजवर नसून न्यूट्रलवर घातलेलं आहे. इमारत बांधली तेव्हापासून ते तसंच असणार. अशा वायरिंगमध्ये बटण बंद केलं की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज जिवंत राहते. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला, तेही ओल्या न्हाणीघरात, त्याचा पत्ताही नसतो. घरात गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, तो अशा वेळी जीव वाचवू शकतो. तरीही मला त्या दुपारी अंगावर काटा आला. एका खटक्यासाठी उघडलेल्या बोर्डानं घरातली एक जुनी जोखीम उघडी पाडली आणि ती कायमची मिटली, हा मला त्या कामाचा मोठा लाभ वाटतो.

दुसरी अडचण म्हणजे दिवा आणि एक्झॉस्ट पंखा एकाच बटणावर होते. दिव्याच्या डिमरवर मोटर चालवायची नसते. दादांनी पंख्यासाठी निराळी वायर ओढली, गीझरच्या बटणाला हातही लावला नाही, आणि बोर्डावरची कोरी पट्टी काढून तिथं डिमर बसवला. आता रात्री दिव्याबरोबर पंख्याची घरघरही सुरू होत नाही. ही भर आम्ही मागितली नव्हती.

मी मुद्दाम फिरवायचा डिमर घेतला. खटका थोडा फिरवला की टक् होऊन दिवा लागतो, आणि लागतो तो सर्वांत मंद. मग फिरवत न्यावं तसा वाढतो. स्पर्शानं चालणारे, मोबाइलवरून चालणारेही मिळतात. पण झोपेतल्या हाताला आधी कमी उजेडच मिळावा, जास्त हवा तर तो मागून घ्यावा, हा क्रम मला महत्त्वाचा वाटला. तळाला उजेड किती राहावा यासाठी त्यात एक बारीक स्क्रू असतो. दादांनी तो दुपारी लावून दाखवला तेव्हा दिवा लागलाय की नाही तेच कळेना. म्हणून तो मी रात्री पुन्हा लावला. घरातले सगळे दिवे घालवून पॅसेजमध्ये बराच वेळ बसले, आणि मग खटका फिरवला. दुपारी जो नसल्यासारखा होता त्या उजेडात टाइल्सच्या फटी दिसत होत्या, मग्याचा कान दिसत होता, फरशीवरचं पाणी चमकत होतं. डोळा उजेड वजनकाट्यानं मोजत नाही. उजेड मोजून एक दशांशावर आणला तरी डोळ्याला तो एक तृतीयांशाच्या जवळ वाटतो, आणि सरावलेल्या डोळ्याला तर त्याहूनही पुष्कळ.

आईला काही शिकवावं लागलं नाही. खटका हातात आल्यावर तिनं तो दोनदा मागेपुढे फिरवून पाहिला, झालं. आता रात्री ती डोळे न मिटता आत जाते. बाहेर आल्यावर चौकटीपाशी थांबत नाही, असं मी म्हणणार नाही. थांबते, पण क्षणभर. परत येऊन लगेच झोपते असंही रोज होत नाही. काही रात्री ती खटका बराच वर नेते, दाराखालच्या फटीतून मला ते कळतं, आणि तिला काहीतरी नीट पाहायचं आहे हेही कळतं. सकाळी मुलगा दाढीसाठी तो टोकापर्यंत फिरवतो. मुलगी केस धुताना अर्ध्यावर ठेवते, का ते तिनं सांगितलेलं नाही आणि सांगण्याची गरजही नाही.

ज्येष्ठांसाठी म्हणून आता मुद्दाम फ्लॅट बांधतात. आधाराच्या दांड्या, न घसरणारी फरशी, रुंद दारं, पलंगाशी घंटी, हे सगळं त्यांच्या माहितीपत्रकांत असतं आणि ते हवंच. त्यात बाथरूमच्या दिव्याच्या खटक्याची एक ओळ असावी असं मला मनापासून वाटतं. आधाराच्या दांडीपेक्षा तो महाग पडत नाही, आणि भिंत फोडावी लागत नाही.

आमच्याकडं आता बेसिनवरच्या आरशाचा दिवा तेवढा राहिला आहे. तो बंदिस्त एलईडीचा आहे, आतलं सर्किट डिमर घेणारं नाही, त्यामुळं अख्खा दिवाच बदलावा लागेल. दादा दिवाळीनंतर येतो म्हणाले होते. आईला विचारलं तर ती म्हणाली, “तो राहू दे गं तसाच. सकाळी डोळ्यात थेंब घालताना मला सगळा उजेड लागतो.” दादांना फोन करून मी ते काम रद्द केलं.